दोनशे नंबरचं पान

"मावशी, पान पाहून पुस्तक वळखता काय?"

फोनवर पीएसआय मोनाली मून होती. कांताबाईंनी चहाचा घोट घेतला आणि वाचनालयाच्या खुर्चीत पाय वर घेतले.

"चव पाहून भी वळखीन, पोरी. कायचं पान आहे?"

"चव नका घेऊ. मेलेल्या माणसाच्या घशातून काढलं आहे."

चहा तिथंच राहिला.

कांता ताकसांडे म्हणजे पिपरी मेघेच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वय चोपन्न, खोड्या चौदाव्या वर्षाच्या. पुस्तक परत न आणणाऱ्याच्या घरी ती कोर्टाच्या समन्ससारखी दिसणारी नोटीस धाडायची. दोघं तर वकील घेऊन आलते. मोनालीला शाळेत असताना अशीच एक नोटीस मिळाली होती आणि ती रात्रभर रडली होती. म्हणूनच असेल, पण पुस्तकाचा विषय निघाला की तिला दुसरं कोणी आठवत नसे.

स्कुटीवर सात मिनिटं लागली.

हरिदास डंभारे सरांच्या बैठकीत पाय ठेवला आणि कांताबाईंनी पदर नाकाला लावला. सर म्हणजे साठीचा सुकडा माणूस, रिटायर विज्ञान शिक्षक. आता फरशीवर उताणे पडले होते. डोक्याची डावी बाजू वरवंट्यानं पार आत बसवलेली. वरवंटा बाजूलाच, केसं चिकटलेला. रक्त टीव्हीवर, घड्याळावर, टेबलावरच्या पेढ्याच्या डब्यावर. खालचा जबडा एका अंगाला सरकलेला.

"डॉक्टर म्हणते, तीन ते चारच्या मधात गेले," मोनाली म्हणाली. "पाच वाजता कामवाल्या रुख्माबाईनं पाह्यलं. पानं कोंबली तेव्हा जीव होता, मावशी. चावले सर. दातात कोनाच्या तरी चामडीचा तुकडा आहे."

तिनं प्लास्टिकची पिशवी पुढं केली. आत दोन कागद, लाल आणि चुरगळलेले. पान एकशे सत्त्याण्णव ते दोनशे.

"अंगारयान," कांताबाई म्हणाल्या. "सरांचीच कादंबरी. आन् प्रत माझ्या वाचनालयाची."

टेबलावर खाकी कव्हरचं पुस्तक होतं. पाठीवर नंबर ४१०७/१. शेवटचे दोन कागद फाडलेले. मागच्या पुठ्ठ्याला लागून असलेल्या कोऱ्या कागदावर बॉलपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

"तारिणीला मारलं ना? आता तू मर. तुझ्या पुस्तकाचा शेवट तुझ्याच तोंडात."

"सरांनी सोताचंच पुस्तक लायब्ररीतून नेलं? काऊन?"

"शिव्या वाचायले."



आता हे 'अंगारयान' काय प्रकरण आहे ते ऐका. ही मोबाईलवरची वेबसिरीज. दूरच्या ग्रहाकडे निघालेलं यान, आणि त्याची कॅप्टन तारिणी. जिल्ह्यातल्या पोरापोरींनी तिला डोक्यावर घेतलेलं. सिरीज लिहिणारा अश्विन ठोंबरे मूळचा पुलगावचा, आता नागपुरात राहणारा. पहिला सीझन संपला आणि कंपनीनं पुढची गोष्ट कादंबरीत लिहायचं काम डंभारे सरांना दिलं. सरांनी काय केलं? दोनशेव्या पानावर तारिणीची ऑक्सिजनची नळी कापून टाकली!

मग काय विचारता. पुलगावात कादंबरीची होळी झाली. सेलूच्या एका बाईनं सरांना पार्सलनं चपलांचा हार पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "माप चुकल्यास कळवावे." आणि हिंगणीच्या दुर्गेश मडावीनं रील टाकली, "तारिणीताईले मारनाऱ्याच्या तोंडात हेच पान कोंबीन!" दोन लाख लोकांनी पाहिली ती.

वाचनालयात प्रती तीन आणि नंबर लावून बसलेले वाचक शहाऐंशी. कांताबाईंनी बाइंडर लहानूला बोलावलं. चारशे बारा पानांची ती कादंबरी त्यानं साधारण मधोमध कापली आणि दोन-दोन पुठ्ठ्यांत बांधली. तीन पुस्तकांची सहा झाली. एक जण पहिला अर्धा वाचायचा, तेवढ्यात दुसरा मागचा. शिवाय वाचकांना समासात लिहायची खोड. कांताबाई कोणाला दंड करत नसत. उलट त्यांनी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती, म्हणजे समासात मावलं नाही तर तिथं लिहा.

"काल सर पेढे घेऊन आलते," कांताबाई म्हणाल्या. "दुसरा सीझन आपल्याच कादंबरीवर निघनार, लिहिनार भी आपनच, असं सांगत होते. लहान पोरावानी खुश. मंग म्हणे, कांताबाई, ज्या प्रतीत सगळ्यात जास्त शिव्या असतील ते द्या. मी हे देल्लं."

मोनालीनं हातमोजा घालून पानं उलटली. पान एकशे शहाण्णवच्या समासात निळ्या शाईत लिहिलं होतं: "सर, तुमचा जीव भी असाच गेला पाहिजे. दुर्गेश मडावी, हिंगणी."

"नाव-गावासकट," मोनाली म्हणाली. "आन् रुख्माबाईनं दुसऱ्या घरी कामाले जाताना चार वाजता याच फाटकाशी पाह्यलं त्याले."

बाहेर एकदम गलका झाला.

कॉलनीच्या चौकात पन्नास-साठ माणसं गोळा झाली होती. मधात दुर्गेश, त्या रीलवरून धरून आणलेला. त्याचं तोंड मातीत दाबलं होतं आणि सरांचेच जुने विद्यार्थी त्याला बुटांनी तुडवत होते. एकजण त्याच्या हातावर उभा राहून टाच फिरवत होता. "याच हातानं मारलं ना बे? याच हातानं?" बोटं मोडल्याचा आवाज आला. कडक आला.

मोनालीनं काठी सरळ त्या माणसाच्या नडगीवर हाणली. कांताबाई गर्दीत घुसल्या, दोघांच्या कानाखाली वाजवल्या आणि दुर्गेशवर आडव्या झाल्या.

"मारा! आधी मले मारा! पुस्तकं नेली ना माह्या लायब्ररीतून? या समोर!"

कोणी आलं नाही. लायब्ररीचं कार्ड सगळ्यांकडंच होतं.

*

शुक्रवारी सकाळी ठाण्यात दुर्गेश बाकावर बसला होता. वरचा ओठ शिवलेला, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत.

"रील तुझी?" मोनालीनं विचारलं.

"हाव."

"समासातलं अक्षर?"

"माहं."

"चार वाजता सरांच्या घरी गेलता?"

"गेलतो, मॅडम. बेल वाजवली. कोनी उघडलं नाई. दहा मिनिटं थांबलो आन् आलो."

"कायले गेलता?"

"माफी मांगाले."

कोपऱ्यातला हवालदार हसला. दुर्गेश रडायला लागला, पण शिवलेल्या ओठानं धड रडताही येईना. "मॅडम, सोमवारी माही जॉइनिंग आहे. वनरक्षक. तीन वर्षं धावलो मी त्याच्यासाठी. बोर धरनाच्या रस्त्यानं रोज पहाटे. गुन्हा लागला तं गेली नोकरी. आमच्या घरात आजवर कोनी सरकारी कागदावर सही नाई केली."

कांताबाईंनी पिशवीतून अभिप्रायाची वही काढून टेबलावर आपटली.

"वाच, पोरी. कालची तारीख. साडेतीनले माह्या समोर लिहिलं त्यानं."

मोनालीनं वाचलं: "दुसरा भाग संपवला. तारिणीताई जिती आहे!!! डंभारे सर, तुम्ही लय भारी मानूस. मी गाढव. आत्ताच पाय धराले येतो. दुर्गेश."

"म्हणजे साडेतीनले निघाला तं चारच्या आतच तिथं पोचला," मोनाली म्हणाली. "मावशी, हे तं त्याच्याच गळ्यात येऊन राह्यलं."

"वेळ नको पाहू. काय लिहिलं ते पाह्य."

"आपल्याले चकवाले लिहिलं असन. वरून साहेबांचा फोन आहे, सोमवारी कोर्टात उभा करा म्हणून. दातातल्या चामडीचा रिपोर्ट यायले पंधरा दिवस लागन. आन् याच्या हाताचा तं लोकांनी चेंदा केला. कुठं चावलं, कुठं नाई, डॉक्टरले भी सांगता नाई येत."

तेवढ्यात दारात एक पांढरा कुर्ता उभा राहिला. अश्विन ठोंबरे. चाळिशीचा, दाढी कोरलेली, डोळे लाल. सरांची बातमी ऐकून तो पुलगावहून आला होता. तिथं त्याच्या मावशीकडं मुक्काम होता म्हणे.

कांताबाईंनी त्याला चहा दिला. त्यानं कप डाव्या हातानं धरला. उजव्या तर्जनीला पट्टी होती.

"हे काय झालं जी?"

"गाडीच्या दारात सापडलं."

"काल दुपारी कुठं होते तुम्ही?" मोनालीनं विचारलं. साधं विचारलं, सगळ्यांना विचारतात तसं.

"मावशीच्या घरी, वरच्या खोलीत. सरांची कादंबरीच वाचत होतो. माझी विकत घेतलेली प्रत. एका बैठकीत संपवली."

"कव्हरवर तुमचं वाक्य छापलं आहे ना, 'एका दमात वाचली' म्हणून?" कांताबाई म्हणाल्या. "मंग काल दुसऱ्यांदा दम लागला का?"

अश्विन ओशाळं हसला. "पुन्हा वाचली. काय सांगू मावशी, तारिणीचा तो मृत्यू! शेवटचं पान उलटलं आणि पुढं नुसता कोरा कागद. मी कितीतरी वेळ त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसलो. लोक चिडणारच होते. पण कोणी असा जीव घेईल..." त्यानं दुर्गेशकडे पाहिलं. "फाशीच व्हायला पाहिजे."

कांताबाईंनी वही पिशवीत घातली. त्यांच्या गालात एक खळी पडायची, खोडी सुचली की. ती आत्ता पडली. मोनालीला ती खळी शाळेपासून माहीत होती.

"ठोंबरे साहेब," कांताबाई गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या चार वाजता वाचनालयात सरांची शोकसभा आहे. तुम्ही दोन शब्द बोलसान ना?"

शोकसभा वगैरे काही ठरलेली नव्हती. ती त्याच क्षणी ठरली.

*

शनिवारी हॉल भरला. सरांच्या फोटोला हार. पुढं लहानू बाइंडर, वाचनालयाच्या जुन्या मेंबर भागीरथाबाई, मागं साध्या साडीत मोनाली आणि दाराशी दोन हवालदार. चौकात लाथा घालणारे चौघं खाली मान घालून बसले होते. अश्विन पहिल्या रांगेत, रुमाल हातात.

त्याचं नाव पुकारलं. तो माइकसमोर आला तेव्हा कांताबाईंनी त्याच्या हातात दुकानातून आणलेली नवी कोरी कादंबरी ठेवली.

"भाषण राहू द्या जी. सरांना आवडलं असतं असं करा. तारिणी जाते तो शेवट तुमच्या आवाजात वाचा. तुम्हाले तं पाठच असन."

अश्विननं पुस्तक मागून उघडलं. शेवटचं पान. त्याच्यावर नजर फिरवली. एक पान मागं गेला. मग दोन. मग दहा.

कांताबाई एक पाऊल पुढं आल्या.

"सापडलं नाई काय?"

"आहे... इथंच होतं..."

भागीरथाबाईंना राहवलं नाही. "अहो साहेब, मागं कायले धुंडता? तारिणी दोनशेव्या पानावर मरते आन् दोनशे चाळीसवर उठून बसते! शेवटी तं ती नव्या ग्रहावर कापसाची पऱ्हाटी लावून राह्यली! तुम्ही कोनतं पुस्तक वाचलं?"

कोणीतरी फिसकन हसलं. अश्विन हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कांताबाईंनी माइक घेतला.

"मी सांगतो यानं कोनतं वाचलं. बजारातली कादंबरी चारशे बारा पानांची. दोनशेव्या पानापुढं दोनशे एकवं पान येते, कोरा कागद येत नाई. पुस्तक तिथं संपून पुढं कोरा कागद लागते ते फक्त माह्या वाचनालयात, कारन आपन ते कापून बांधलं. असे पहिले अर्धे किती, लहानू?"

"तीन," लहानू उभा राहून म्हणाला. "दोन फाटले म्हणून बुधवारपासून माह्या दुकानात शिकंज्यात दाबून आहेत."

"आन् तिसरा सरांच्या टेबलावर होता. ठोंबरे साहेबांनी कोरा कागद पाह्यला तो तिथं. नंबरापुढची तिरपी रेघ आन् एकचा आकडा आपल्या मेंबरले समजते, बाहेरच्याले नाई. त्यानं समजून घेतलं, एवढंच पुस्तक. म्हणून लिहून ठेवलं, 'पुस्तकाचा शेवट तुझ्याच तोंडात.' दुर्गेश असं लिहीलच कसा? तो तं अर्ध्या घंट्यापहिले दुसरा भाग वाचून नाचत होता."

"मूर्खपणा आहे हा," अश्विन म्हणाला. "मी सरांना का मारीन?"

"पेढ्यापाई. दुसरा सीझन सरांच्या कादंबरीवर निघनार होता, तुम्हाले वगळून. ते सांगाले सर पेढे वाटत फिरत होते. तुम्ही रागात वरवंटा घातला. मंग रील आठवली. पुस्तक समोरच, समासात दुर्गेशचं नाव-गाव भी तयार. शेवटची पानं फाडली आन् कोंबली. पन सर मेले नव्हते अजून. ते पट्टीचं बोट सोडून दाखवा बरं. गाडीच्या दाराले दात असते काय?"

अश्विननं माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि फिरवला.

तो लहानूच्या कानशिलावर बसला. लहानू खुर्च्यांसकट कोसळला. दुसरा फटका कांताबाईंसाठी होता. त्या वाकल्या आणि सरांच्या फोटोची काच फुटली. मोनाली मागून धावत आली, तिच्या खांद्यावर स्टँड आपटला, तरी तिनं त्याची कंबर धरली. अश्विननं टेबलाचा आधार घ्यायला उजवा हात टेकवला. कांताबाईंच्या हाताशी चौदा किलोचं जुनं दाखल-रजिस्टर होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्या पट्टीच्या बोटावर आणून आदळलं.

किंकाळी पार रस्त्यावर गेली.

पट्टी सुटली. बोटाचं मांस गेलं होतं, दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा स्पष्ट.

मग हॉल उठला. चौकातले तेच चौघं सगळ्यात पुढं. एकानं अश्विनचं डोकं फरशीवर आपटलं, दुसऱ्यानं पोटात लाथ घातली, बायकांनी चपला काढल्या. कुर्ता लाल झाला.

"बस!" मोनाली अश्विनच्या आडवी पाय रोवून उभी राहिली, तिचा एक हात लटकत होता. "परवा भी तुमची खात्रीच होती ना? चुकीच्या पोराचे हात मोडले तुम्ही. आता बरोबर मानूस भेटला म्हणून तुमचे हात धुऊन निघनार नाईत. मागं सरका!"

ते सरकले. त्यातला टाच फिरवणारा तर भिंतीला लागून खालीच बसला.

गाडीत घालताना अश्विन रक्त थुंकत बोलत होता. "माझी होती तारिणी. मी जन्माला घातली. मी भांडायला गेलो तर म्हातारा विचारतो, तू वाचली का बाबा माझी कादंबरी? मी म्हटलं, नाही, आणि वाचणार पण नाही. तर हसला. ते खाकी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, आधी वाच, मग भांडू. पाणी आणतो म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो..."

"आन् वरवंटा आनला," मोनालीनं वाक्य पुरं केलं.

"त्यानं तिला मारलं होतं ना? सगळे तेच म्हणत होते."

"चाळीस पानं अजून वाचली असती तं," कांताबाई म्हणाल्या. लहानूच्या डोक्याला पदर दाबून त्या दवाखान्याच्या रिक्षात बसल्या.

*

सोमवारी सकाळी दहाला कांताबाईंची स्कुटी वनविभागाच्या ऑफिसपुढं थांबली. मागच्या सीटवरून दुर्गेश उतरला. नवा शर्ट, डोळा काळानिळा, हात पट्ट्यांत. मोनालीनं दिलेलं सुटकेचं पत्र त्याच्या खिशात होतं, पण ते काढायलाही बोटं चालत नव्हती. कांताबाईंनी काढून दिलं.

आत बसलेल्या बाबूनं पत्र बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय हाल करून आला बे? पहिल्याच दिवशी? कोनासंग मारामारी केली?"

"नाई जी साहेब," दुर्गेश शिवलेल्या ओठातून म्हणाला. "कादंबरी वाचली."

बाबूनं कांताबाईंकडे पाहिलं. कांताबाईंनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

बाबूनं हाजरीचं रजिस्टर सरकवलं. दुर्गेशनं पेन दोन्ही पट्ट्यांच्या मधात धरला, जीभ बाहेर काढली, आणि सही करायला पाच मिनिटं घेतली. कोणी घाई केली नाही.